व्हिडिओ कन्व्हर्ट केला आन् आवाज गायब, नाहीतर मागंपुढं? हे असं दुरुस्त करा

मागच्या वर्षी आमच्या गावच्या सप्त्यातलं काल्याचं कीर्तन चुलत भावानं मोबाईलवर घेतलं होतं, एक तास पन्नास मिनिटं, आवाज थेट मिक्सरमधून वायर टाकून. आज्जीला गुडघ्यामुळं मंडपात जाता आलं नव्हतं, म्हणून तिला टीव्हीवर दाखवायसाठी मी ते पेनड्राइव्हवर घ्यायला कन्व्हर्ट केलं. सुरुवातीला सगळं बरोबर होतं, महाराज, पखवाज, टाळकरी सगळं जुळलेलं, पण शेवटच्या गजराला टाळकऱ्यांचे हात खाली आलेत आन् टाळ अजून वाजायलेतच. आज्जी म्हणली, "आरं हे कोण वाजवायलंय?"

ते दुरुस्त करायला मला चार रात्री लागल्या. त्यातल्या तीन नुसत्या चुकीच्या ठिकाणी शोधण्यात गेल्या, आवाजात बिघाड आहे समजून मी आवाजाच्याच मागं लागलो होतो आन् घोळ चित्राच्या फ्रेममधी (व्हिडिओ ज्या एकेका स्थिर चित्रांचा बनतो, त्यात) होता. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे सगळं क्रमानं लिहायलोय. नांदेड, परभणी, लातूर, बीड, कुठंही लग्नाचे, सप्त्याचे, शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ घरच्या घरी कन्व्हर्ट करणाऱ्यांना हे लागतंच.

आधी काय काय लागतं

- मूळ फाईल, म्हणजे मोबाईल किंवा कॅमेऱ्याच्या कार्डातून केबलनं घेतलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅप ती परत दाबून लहान करतं आन् तिथंच अर्धी माहिती जाते. पाठवायचीच असंल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.
- वायरचा हेडफोन. ब्लूटूथ नको, कारण पुढं सांगतो.
- डिस्कवर जागा. मोबाईलचा फुल एचडी व्हिडिओ साधारण १७ मेगाबिट प्रति सेकंदानं रेकॉर्ड होतो, म्हणजे दोन तासांची फाईल १५ जीबीच्या आसपास. तेवढीच जागा नव्या फाईलसाठी धरा आन् थोडी वर.
- पाच फुकट सॉफ्टवेअर: व्हीएलसी (व्हिडिओ बघायला), मीडियाइन्फो (फाईलची माहिती बघायला), हँडब्रेक (कन्व्हर्ट करायला), एमकेव्हीटूलनिक्स (चित्र-आवाज सरकवायला आन् जोडायला), ऑडॅसिटी (आवाजावर काम करायला). सगळे त्यांच्या त्यांच्या मूळ साईटवरूनच घ्या, भलत्या साईटवरून घेतलं की सोबत नको ते येतं.
- कागद आन् पेन. खरंच लागतं.

१. मूळ फाईलला हात लावू नका

पहिलं काम, मूळ फाईलची कॉपी करा, कॉपीवरच सगळे प्रयोग करा. आन् प्रत्येक प्रयोग मूळच्या कॉपीवर करायचा, आधीच्या प्रयोगातून निघालेल्या फाईलवर नाही. लोक काय करतात, एकदा कन्व्हर्ट केलं, बिघडलं, मग तीच बिघडलेली फाईल परत दुसऱ्या सॉफ्टवेअरमधी टाकली, मग तिसऱ्या, आन् शेवटी कुठं काय चुकलं ते कुणालाच सांगता येत नाही, वरून चित्र पण धूसर व्हायला लागतं ते वेगळंच.

२. आधी ठरवा, आजार कोणता

हेच सगळ्यात महत्त्वाचं. आवाजाच्या तक्रारी मुख्य चार प्रकारच्या असतात आन् चारींचं औषध वेगळंय, एकाचं दुसऱ्याला दिलं की अजून बिघडतं.

व्हीएलसीमधी फाईल लावा, तीन ठिकाणी बघा: सुरुवातीला, मधी, आन् शेवटी. प्रत्येक ठिकाणी एखादी आपटणारी गोष्ट शोधा. कीर्तनात टाळ सगळ्यात भारी, दोन वाट्या भिडल्या की त्याच क्षणाला टण आवाज यायला पाहिजे. पखवाजाची थाप पण चालती, लग्नात टाळ्या किंवा डफड्यावरची काठी. ओठांकडं बघून अंदाज घेऊ नका, ओठावर फसगत होती. प्रत्येक ठिकाणी आवाज आधी येतोय का नंतर, आन् साधारण किती, ते कागदावर लिहा.

आता बघा:
- कुठंच आवाज नाही: पायरी ४ ला जा.
- तिन्ही ठिकाणी सारखाच फरक: पायरी ५.
- सुरुवातीला जुळतंय आन् पुढं पुढं फरक वाढत जातोय: पायरी ६.
- एका ठिकाणापर्यंत बरोबर आन् तिथून पुढं एकदम झटका बसून फरक: पायरी ७.

आन् हो, ही तपासणी ब्लूटूथ हेडफोनवर करू नका. ब्लूटूथमधी आवाज उशिराच पोचतो, साध्या हेडफोनला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. काही अ‍ॅप ते सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. फाईल धडधाकट असताना लोक रात्रभर तिला दुरुस्त करत बसतात.

३. मीडियाइन्फोमधी फाईलची कुंडली बघा

फाईल मीडियाइन्फोमधी उघडा, टेक्स्ट व्ह्यू करा. भरपूर काही दिसतं, त्यातल्या चारच ओळी बघायच्या.

एक, ऑडिओ नावाचा भाग आहे का. नसंल तर फाईलमधी आवाजच नाही, मग कुठलंच सॉफ्टवेअर तो आणू शकत नाही. टाइम लॅप्समधी आवाज नसतोच, स्क्रीन रेकॉर्डरमधी माइक बंद ठेवला असंल तरी तसंच.

दोन, ऑडिओचा फॉरमॅट. एएसी असंल तर जवळपास सगळीकडं चालतो. एसी-३, ई-एसी-३, डीटीएस असंल तर बऱ्याच मोबाईलवर आन् काही टीव्हीवर नुसतं चित्र दिसणार, कारण त्या फॉरमॅटचं लायसन्स त्या कंपनीनं घेतलेलं नसतं. एक गोष्ट इथं समजून घ्या, एमपीफोर किंवा एमकेव्ही हा नुसता डबा आहे, आत भाजी कोणती भरली ते डब्याच्या नावावरून कळत नाही. दोन एमपीफोर फाईल, एक टीव्हीवर बोलती आन् दुसरी मुकी, असं त्यामुळंच होतं.

तीन, व्हिडिओच्या भागात फ्रेम रेट मोड. तिथं व्हेरिएबल (म्हणजे फ्रेममधलं अंतर सारखं नाही, पायरी ६ मधी सांगतो) लिहिलेलं असंल तर त्याच्याखाली पेननं रेघ मारा. माझ्या कीर्तनाचा सगळा घोळ या एका शब्दात होता.

चार, व्हिडिओची लांबी आन् ऑडिओची लांबी. दोन्ही वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. काही मिलिसेकंदांचा फरक असतोच, त्याची काळजी नको. पण सेकंदांमधी फरक असंल तर एकतर आवाज मधी कुठं तुटलाय, नाहीतर ताणला गेलाय.

हेच मूळ फाईल आन् कन्व्हर्ट केलेली फाईल, दोन्हीचं बघा आन् शेजारी शेजारी ठेवा. मूळमधी ऑडिओ आहे आन् नवीमधी नाही, तर चोर कन्व्हर्टर.

४. आवाजच नाही

मूळमधी ऑडिओ आहे पण नवीमधी नाही, असं असंल तर हँडब्रेकमधी मूळ फाईल उघडा आन् ऑडिओ टॅबवर जा. तिथं ट्रॅकची ओळ आहे का बघा, नसंल तर ट्रॅक अ‍ॅड करा. ओळ आहे पण कोडेकच्या (आवाज कोणत्या फॉरमॅटमधी भरायचा त्याच्या) जागी पासथ्रू लिहिलंय, तर त्याचा अर्थ मूळ आवाज जसाच्या तसा उचलून नव्या डब्यात टाकलाय, म्हणजे डीटीएस होता तर डीटीएसच राहिला. ते बदलून एएसी करा, बिटरेट १६०, मिक्सडाऊन (आवाज किती चॅनलमधी काढायचा ते) स्टिरिओ. बहुतेकांचं काम इथंच होतं.

दोन भाषांचा ट्रॅक असलेल्या फाईलमधी हँडब्रेक आपल्या सेटिंगप्रमाणं एकच उचलतो, दुसरा पाहिजे असंल तर तो ऑडिओ टॅबमधी हातानं निवडा.

आता एक विचित्र प्रकार, आन् सप्त्याच्या, सभेच्या व्हिडिओत हा लई वेळा होतो म्हणून सविस्तर सांगतो. हेडफोनवर आवाज येतो, लॅपटॉपवर पण येतो, पण मोबाईलच्या स्पीकरवर महाराजांचा आवाज एकदम बारीक नाहीतर गायबच. फाईल खराब वाटती, पण तसं नसतं. मंडपवाल्याच्या मिक्सरमधून बॅलन्स्ड लाईन (एकच आवाज एका तारेवर सुलटा आन् दुसरीवर उलटा नेणारी) काढून ती साध्या वायरनं कॅमेऱ्याच्या स्टिरिओ पिनमधी घातली की डाव्या बाजूला सुलटा आवाज आन् उजव्या बाजूला तोच आवाज उलटा होऊन जातो. हेडफोनवर दोन कानांना वेगवेगळा ऐकू येतो म्हणून चालतं, जरा डोक्यात पोकळ पोकळ वाटतं एवढंच. पण मोबाईलच्या एका स्पीकरमधी दोन्ही एकत्र झाले की एकमेकांना खाऊन टाकतात, एक अधिक आन् एक उणे मिळून शून्य. उपाय सोपा आहे, हँडब्रेकच्या ऑडिओ टॅबमधी मिक्सडाऊनला मोनो, फक्त डावा चॅनल असा पर्याय असतो, तो घ्या. उलटा चॅनल बाहेर गेला की आवाज खणखणीत येतो. एकाच कानात आवाज येतोय अशी तक्रार असंल तर तिलाही हेच औषध, ज्या बाजूला आवाज आहे ती बाजू निवडायची.

नुसता मोनो हा पर्याय निवडू नका मात्र, तो दोन्ही चॅनल मिसळतो, म्हणजे वरच्या केसमधी आवाज कायमचाच जाईल.

५. सगळीकडं सारखाच फरक

हा सगळ्यात सोपा आजार, आन् याला परत कन्व्हर्ट करायची गरजच नाही.

आधी फरक मोजा. व्हीएलसीमधी टाळाच्या जागेवर या, आवाज आधी येत असंल तर के दाबा, उशिरा येत असंल तर जे दाबा. एकेका दाबणीला ५० मिलिसेकंद सरकतो आन् आकडा स्क्रीनवर दिसतो. टाळ बरोबर बसला की आकडा, अधिक-उणे चिन्हासकट, कागदावर लिहा. हे फक्त बघण्यापुरतं जुळलेलं असतं, फाईल बदललेली नसती, व्हीएलसी बंद केलं की परत तेच. बरेच जण इथंच थांबतात आन् मग पेनड्राइव्ह टीव्हीला लावल्यावर म्हणतात की कामून जुळंना.

कायमचं बसवायला एमकेव्हीटूलनिक्स उघडा, फाईल आत टाका, खाली ट्रॅकच्या यादीत ऑडिओच्या ओळीवर क्लिक करा, मग बाजूला टाइमस्टॅम्पच्या भागात डिले नावाचा रकाना सापडतो, त्यात तो आकडा मिलिसेकंदात भरा. आवाज पुढं ढकलायचा तर नुसता आकडा, मागं ओढायचा तर उणे चिन्ह. स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग दाबा. चित्र परत बनत नाही, नुसता डबा बदलतो, म्हणून दोन तासांची फाईल काही मिनिटांत होती आन् क्वालिटी जशीच्या तशी. फाईल एमकेव्ही निघती, एमपीफोर पाहिजेच असंल तर तीच हँडब्रेकमधून काढा.

त्याच भागात स्ट्रेच नावाचा रकाना दिसंल. आवाजाच्या ट्रॅकला तो वापरू नका, सॉफ्टवेअरच्याच माहितीपत्रकात तसं लिहिलंय, तो चित्रासाठी आन् सबटायटलसाठी आहे.

किती बारीक जुळवायचं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणाच्या शिफारशीत असं आहे की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला जाणवतं, पण उशिरा येत असंल तर १२५ पर्यंत जाणवत नाही. आपण गोदावरीच्या काठावर उभं राहून पलीकडं धुणं धुणाऱ्या बाईला बघितलं तर कपडा आधी आपटतो, आवाज मागून येतो, डोक्याला त्याची सवय आहे. आधी आवाज आन् मग कपडा, हे निसर्गात कुठंच नाही, म्हणून ते लगेच खटकतं. तर शंका असंल तर आवाज थोडा उशिराच ठेवा.

कॅमेरा मंडपाच्या मागच्या टोकाला असंल तर आवाज मुळातच उशिरा पोचतो, एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो तो, म्हणजे ३४ मीटरवरच्या कॅमेऱ्याला १०० मिलिसेकंद. कन्व्हर्टरला दोष देण्याआधी मूळ फाईलमधी पण एकदा टाळ बघून घ्या.

६. फरक वाढत वाढत जातोय

माझ्या कीर्तनाचा आजार हा होता.

मोबाईल सगळ्या फ्रेम सारख्या अंतरानं घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, प्रोसेसरवर ताण आला की फ्रेम लांबवतो, मग परत भरभर घेतो. यालाच मीडियाइन्फो व्हेरिएबल म्हणतं. आवाज मात्र घड्याळासारखा सरळ चाललेला असतो. आता कन्व्हर्टरनं किंवा एडिटिंगच्या सॉफ्टवेअरनं समजून घेतलं की सेकंदाला बरोबर ३० फ्रेम आहेत आन् खऱ्या होत्या २९.९७, तर चित्र किंचित जोरात पळतं. फरक हजारात एकाचा, पण एका तासाला ३.६ सेकंद होतात, आन् माझ्या एक तास पन्नास मिनिटांच्या कीर्तनात शेवटी ६.६ सेकंद झाले. टाळकऱ्यांचे हात खाली येऊन जवळजवळ सात सेकंद झाल्यावर टाळ थांबायचे, ते यामुळं.

उपाय: हँडब्रेकमधी मूळ फाईल उघडा (बिघडलेली नाही, मूळ!), व्हिडिओ टॅबवर जा, फ्रेमरेटला सेम अ‍ॅज सोर्स किंवा ३० ठेवा आन् त्याच्या खाली कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडा. ऑडिओ टॅबमधी एएसी. हँडब्रेक प्रत्येक फ्रेमची खरी वेळ बघून जिथं कमी तिथं भरतो, जिथं जास्त तिथं काढतो, त्यामुळं आवाजाला हात न लावता सगळं जुळतं. एडिटिंग करायचं असंल तर हे आधी करा आन् मग निघालेली फाईल एडिटरमधी टाका, उलटं नको.

पूर्ण दोन तास करण्याआधी तुकडा करून बघा. हँडब्रेकमधी वरती रेंज असती, ती सेकंदात करून शेवटची दोन मिनिटं तेवढी काढा, म्हणजे कन्व्हर्ट चाललंय का आन् आवाज येतोय का ते कळतं. पण फरक साठत जाणारा असल्यामुळं खरी परीक्षा पूर्ण फाईलच्या शेवटालाच होती, हे ध्यानात ठेवा.

मूळ फाईल राहिलीच नसंल, किंवा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असंल (दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी नसतात), तरच आवाज ताणायचा. त्यासाठी ऑडॅसिटी. व्हिडिओ फाईलमधला आवाज उघडायला त्याला एफएफएमपेग नावाची जोड बसवावी लागती, ती आधी बसवा. सगळा आवाज निवडून चेंज टेम्पो हा इफेक्ट घ्या, त्यात लांबीचे दोन रकाने असतात, आत्ताची आन् पाहिजे ती. आवाज शेवटी ६.६ सेकंद उशिरा असंल तर आवाज तेवढा लांब झालाय, म्हणजे ६६०६.६ चं ६६०० करायचं. चेंज स्पीड घेऊ नका, त्यानं आवाजाची पट्टी पण बदलती. वेव्ह फाईल काढा, मग एमकेव्हीटूलनिक्समधी व्हिडिओ आन् ही वेव्ह दोन्ही टाका, जुन्या ऑडिओची टिक काढा, मल्टिप्लेक्स करा.

जाता जाता एक खूण: माणसाचा आवाज बारीक होऊन भरभर बोलल्यासारखा येत असंल तर ४४,१०० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला आवाजाच्या तेवढ्या नोंदी असलेला) आवाज ४८,००० समजून वाजवला जातोय. सीडीचा आवाज ४४,१०० चा, व्हिडिओचा बहुधा ४८,००० चा. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर क्लिक करून रेट बरोबर केला की माणूस परत माणसासारखा बोलतो. ही एवढी एकच केस जिथं पट्टी बदलणंच बरोबर.

७. मधीच झटका

कॅमेऱ्याचं कार्ड जुन्या पद्धतीचं असंल तर ४ जीबीला फाईल आपोआप तुटती आन् पुढची सुरू होती. झटका त्या जोडावर बसतो. तुकडे आधी जोडा आन् मग एकदाच कन्व्हर्ट करा. वेगवेगळे कन्व्हर्ट करून मग जोडले तर प्रत्येक जोडाला आवाजाची थोडी फट पडती, एएसीची एक चौकट ४८,००० ला साधारण २१ मिलिसेकंदांची असती, पाच-सहा जोड झाले की टाळ हलायला लागतात. एमकेव्हीटूलनिक्समधी पहिला तुकडा टाका, मग बाकीचे अपेंड फाईल्सनं लावा, क्रम नावावरून तपासून.

लग्नाच्या जुन्या कॅसेट संगणकावर घेताना पण असेच झटके बसतात, टेप खराब असंल तिथं फ्रेम गळतात. तिथं कॅसेट परत घेणंच बरं, हेड साफ करून आन् लॅपटॉपवर दुसरं काही चालू न ठेवता.

८. लाईटचा विचार करा

जुन्या लॅपटॉपवर दोन तासांच्या फाईलला चार-पाच तास सहज लागतात, आन् इकडं लाईटचं काही खरं नाही. एमपीफोरची अनुक्रमणिका बहुधा सगळ्यात शेवटी लिहिली जाती, म्हणून मधी बंद पडलं की अर्धी फाईल उघडतच नाही. एमकेव्हीमधी जेवढं झालं तेवढं तरी चालतं. बॅटरी कमजोर असंल तर रात्री इन्व्हर्टरवर लावा आन् लॅपटॉपचा स्लीप बंद करा.

ऑनलाईन कन्व्हर्टरला मोठ्या फाईल देऊ नका. मी एकाला दिली होती, अपलोडलाच संध्याकाळ गेली आन् परत आली ती पहिल्या काही मिनिटांनंतर मुकी.

९. शेवटची तपासणी

ज्याच्यावर बघायचंय त्याच्यावरच तपासा. टीव्हीवर बघणार असाल तर पेनड्राइव्ह टीव्हीलाच लावून, सुरुवात, मधलं, शेवट, तिन्ही ठिकाणी टाळ बघा. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असंल तर ४ जीबीच्या वरची फाईल जाणारच नाही, एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा, पण टीव्ही ते वाचतो का ते आधी छोट्या फाईलनं बघा. टीव्हीच्या सेटिंगमधी ऑडिओ डिले किंवा लिप सिंक नावाचं काही असंल तर ते शून्यावर आहे का बघा, घरातल्या लेकरांनी कधी हलवून ठेवलेलं असतं.

एवढं करूनही जुळंना, तर कुणाला विचारताना नुसतं "आवाज मागंपुढं होतोय" म्हणू नका. मूळ आन् नव्या, दोन्ही फाईलचं मीडियाइन्फोचं टेक्स्ट द्या, आन् कागदावरचे तीन आकडे द्या, सुरुवातीला किती, मधी किती, शेवटी किती. एवढं समोर असलं की समजणारा माणूस दोन मिनिटांत सांगतो, कुठल्या पायरीला जायचं ते.